कच्चा आवाज

साहेब, माझ्या आईचा श्वास तुम्ही पुसलात. चोरला असतात तर निदान कुठेतरी असता.

परवा दुपारी तुमच्या कंपनीचं खोकं घरी आलं. आई पलंगावर टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. बत्तीस वर्षं दवाखान्याच्या कपडेखोलीत चादरींच्या घड्या घातलेली बाई ती, पंचाहत्तरीतही हात स्वस्थ बसत नाहीत. मी खोकं फोडलं, आत गाण्यांच्या तबकड्या. वर सोनेरी अक्षरांत ‘चंदेरी चौघी : पन्नास वर्षं’ आणि खाली त्याच चौघी, चमचमत्या तंग पोशाखात, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून.

"आतला कागद बघ," आई म्हणाली.

बघितला. पोशाख कुणी शिवले त्याचं नाव होतं. केस कुणी केले त्याचं होतं. फोटो काढणाऱ्याच्या कुत्र्याचेही आभार मानले होते.

"नाही ना?"

"नाही."

"असू दे. लाव तर खरं."

लावलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, तो लांब सूर सुटायच्या आधी, आईनं नेहमीसारखं उजवं बोट वर केलं. पन्नास वर्षं ती त्या जागी बोट वर करते. बोट वरच राहिलं आणि गाणं पुढे निघून गेलं. खड्डा बुजवून वर फरशी बसवावी तशी ती जागा गुळगुळीत केलेली होती.

"इथं होता ना गं?" तिनं विचारलं.

"होता."

तिनं बोट खाली घेतलं आणि पुढचा टॉवेल उचलला.

तुम्ही त्या खुर्चीवर नंतर आलात, म्हणून सांगते. तुमच्या कंपनीचं तळघर होतं, वर गाद्यांचं गोदाम. तिथं रीत अशी की नवं गाणं आधी एखाद्या साध्या गाणारणीकडून गाऊन घ्यायचं. खरे गाणारे ते ऐकून शिकायचे, मग ते पुसून टाकायचं. त्याला म्हणायचे कच्चा आवाज. माझी आई कच्चा आवाज द्यायला जायची. मी तेव्हा चार वर्षांची, शेजारच्या मावशीकडे राहायची.

त्या दिवशी संगीतकारानं फरशीवर चिकटपट्टीच्या चार फुल्या मारल्या. चार मुलींचा डिस्को ग्रुप काढायचा होता. नाव ठरलं होतं, पोशाखाचं कापड आलं होतं, मुली तेवढ्या मिळायच्या बाकी होत्या. आईनं तेच गाणं चार वेळा गायचं होतं, दर खेपेला वेगळ्या फुलीवर उभं राहून. पहिलीवर शहाण्या मुलीसारखं, दुसरीवर नाक वर करून, तिसरीवर हसू दाबत, चौथीवर नुकतंच भांडून आल्यासारखं. पंख्याची घरघर टेपवर जाते म्हणून पंखा बंद. दोन तास ती त्या बंद खोलीत घामानं निथळत उभी होती. चौथ्या फुलीवर दुसऱ्या कडव्याला दम संपला, आणि तिनं बुडत्या माणसासारखा एक मोठा श्वास ओढला.

काचेपलीकडून टेपवाला म्हणाला, "ताई, श्वास आला. परत घेऊ?"

"येऊ दे की! कच्चाच तर आहे. पक्का गातील त्या आपापला श्वास घेतील."

टेपवाला हसला. पंखा लावला. आईनं कागदावर सही केली : ‘कच्चा आवाज. शिकवणीपुरता. एक दिवस.’ आयुष्यात तिनं केलेली चूक ती एवढीच.

मग मुली निवडल्या गेल्या. दोघी बुटांच्या दुकानातल्या, एक चाकाच्या बुटांवर घसरणारी, आणि एक उंच, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर पुकारणारी. दिसायला चौघी सुरेख, पण गायला उभ्या केल्या तर, टेपवाल्याच्या शब्दांत, चौघींनी मिळून दीड सूर लावला. तबकडीची तारीख जाहीर झाली होती. मग पुसायचं ते पुसलंच नाही. तेच विकलं.

आणि लोकांना काय आवडावं? तो श्वास! नाचघरात त्या जागी सगळे हात छातीवर ठेवून एकदम श्वास ओढायचे. आमच्या गल्लीतल्या पोरी दोरीवरच्या उड्या मारतानाही तसंच करायच्या. चौघी तीन वर्षं गावोगाव ओठ हलवत फिरल्या. आई तोवर कपडेखोलीत लागली होती. तिथं दिवसभर रेडिओ चालू. तिची जोडीदारीण म्हणायची, "तू गुणगुणू नकोस बाई, त्यांचं गाणं बिघडवतेस."

आई हसायची. घरी येऊन मला सांगायची आणि परत हसायची.

"सांगत का नाहीस त्यांना?" मी मोठी झाल्यावर विचारलं.

"सही केलीय मी. आणि सांगून चादरी कमी व्हायच्यात का?"

एकदा ती उंच मुलगी आमच्या घरी आली. मी सहा वर्षांची, टेबलाखाली बसून बघत होते. मुलाखतीत कुणीतरी तिला तो श्वास घेऊन दाखवायला सांगणार होतं. आईनं हात पुसले, तिच्या बरगड्यांखाली तळवा दाबला. "इथून ओढ. खांदे उचलू नकोस. बुडतेयस असं समज."

पोरीनं विसेक वेळा ओढला. शेवटी खुर्चीत बसून रडायला लागली. "ताई, रोज वाटतं, आज गर्दीतनं कुणीतरी उठेल आणि म्हणेल, ही नव्हे."

"कोण उठणार? मी तर कामावर असते," आई म्हणाली, आणि तिच्यापुढे चहा ठेवला.

पुढे डिस्को संपला. चौघी आपापल्या घरी गेल्या. गाणं मात्र राहिलं. दुकानात वाजतं, जाहिरातीत वाजतं, दाताच्या दवाखान्यात वाजतं. आईनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. यंदा पहिल्यांदा म्हणाली, "पन्नास वर्षांचं खोकं काढतायत म्हणे. त्यात माझं नाव येईल का गं, बारीक अक्षरात?" पैसे नको म्हणाली. मीच अर्ज लिहिला. तुम्ही पुरावा मागितलात.

पुरावा म्हणून आम्ही तिघं तुमच्या काचेच्या टेबलाशी आलो. आई, मी आणि काठी टेकत तो टेपवाला. आठवतं का? तुम्ही म्हणालात, "बाई, असं म्हणत रोज कुणी ना कुणी येतं."

टेपवाला म्हणाला, "साहेब, गाणं लावा आणि गप्प बसा."

तुम्ही लावलंत. दुसऱ्या कडव्याला आईनं बोट वर केलं आणि श्वास ओढला. टेपवरचा आणि तिचा, दोन्ही एकावर एक बसले, चादरीचे काठ जुळावेत तसे. चहाचा ट्रे घेऊन आलेला तुमचा शिपाई दारातच थांबला. तुमचाही पेन थांबला होता. मी बघितलं.

"छान," तुम्ही म्हणालात. "कळवतो."

जिन्यात आई टेपवाल्याला म्हणाली, "बरोबर आला ना हो?"

"ताई, तेव्हापेक्षा चांगला आला."

त्यावर ती बसस्टॉपपर्यंत हसत होती.

दोन महिन्यांनी हे खोकं. सोबत चार ओळींचं पत्र : ‘मूळ ध्वनीतील दोष आधुनिक यंत्राच्या साहाय्यानं दूर करण्यात आले आहेत.’ पुरावा दाखवला म्हणून पुरावाच काढून टाकलात. इतकी वर्षं तो दोष तुम्हाला टोचला नव्हता. तिनं तुमच्यासमोर श्वास घेतला त्या दिवसापासून टोचायला लागला.

मला रडू आलं नाही. रागही यावा तसा येत नाही, दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यासारखं झालंय. पण काल संध्याकाळी आई टॉवेल कपाटात ठेवताना काय म्हणाली, ते तुम्ही ऐकायलाच हवं.

"मला वाटतं," ती म्हणाली, "त्यांनी नंतर परत गाऊन घेतलं असेल. त्या मुलींकडून. मी उगाच आपलं समजत बसले."

"आई, टेपवाला होता ना तिथं?"

"तो पण म्हातारा झालाय."

आज सकाळी रेडिओवर तेच गाणं लागलं, जुनं, श्वासासकट. तिच्या मांडीवर टॉवेल होता. दुसरं कडवं आलं. श्वास आला. तिचं बोट हललं नाही.

म्हणून साहेब, एकच विचारते. गाणारी कोण होती? तुम्हाला माहीत आहे. ‘ती नव्हती’ असं लिहायची हिंमत असेल तर तसं लिहा, पण उत्तर द्या, आणि टपालानं द्या. पाकिटावर माझं नाव नको. आईचं लिहा, पूर्ण, स्वच्छ अक्षरात. अर्जात ते तीन ठिकाणी आहे.