उस्तादांची डावी बाजू

अर्धांगाच्या झटक्यातून हे उठले, हातपाय चालू लागले आणि सगळ्या गल्लीला आनंदाचं भरतं आलं. मला मेलीला नाही आलं, कारण ह्यांचं ताट मी उचलते. उजवीकडचं चाटूनपुसून साफ, डावीकडचा भात जसाच्या तसा. वर मलाच विचारणार, "आज भात नाही केलास?" ताट फिरवून दिलं की, "अरेच्चा, हा कुठून आला!"

दाढीसुद्धा अर्धीच. डोळे ठणठणीत आहेत, पण डावी बाजू म्हणून काही असते हेच डोक्यातून पुसलं गेलंय. डॉक्टरांनी बजावलं होतं, गाडीला हात लावायचा नाही. हे म्हणाले, "त्याला काय कळतंय!"

आज गल्लीतल्या गाण्याच्या मंडळाचा बाहेरगावी कार्यक्रम. मंडळाची व्हॅन वर्षानुवर्षं हेच चालवायचे, म्हणून तर सगळे 'उस्ताद' म्हणतात. सकाळीच मंडळाचा मुख्य गायक दारात हजर. आवाजावरून त्याला सगळे भोंगा म्हणतात.

"वहिनी, उस्ताद गाडीवर बसले की बघा कसे खुलतात!"

"अहो, ह्यांना डावीकडचं कळत नाही."

"तुमचं आपलं काहीतरीच! काल मला लांबून ओळखलं की."

"उजवीकडून आला असाल."

तो हसला. मी म्हणजे नवऱ्याला घरात डांबून ठेवणारी कजाग बाई! किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवली होती. भोंग्याने मंडळाची दुसरी आणली.

व्हॅनमध्ये माणसं गच्च, टाळ्या, "उस्ताद! उस्ताद!" हे मान ताठ करून चालकाच्या जागेवर. आजारपणानंतर ह्यांचा चेहरा असा उजळलेला पहिल्यांदाच पाहिला.

ओरडून ओरडून घसा बसला, कोणी ढुंकून बघेना. मग सरळ जाऊन व्हॅनच्या पुढे उभी राहिले, डाव्या दिव्याला लागून, दोन्ही हात वर करून. म्हटलं, आता तरी बघा.

ह्यांनी उजव्या खिडकीतून वाकून घराच्या दाराकडे पाहिलं. "ही कुठे राहिली?"

"रुसल्या असतील वहिनी," भोंगा म्हणाला. तो शेजारच्या सीटवर मागे तोंड करून सगळ्यांना सूर देत होता आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते.

"राहू दे मग," हे म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "संध्याकाळी आल्यावर तिला सगळं सांगेन."

किल्ली फिरली. इंजिनाची थरथर माझ्या कमरेला लागली. मी हात खाली घेतले नाहीत.