महाराजांचा रोध किती?

कामठ्याच्या आठवडी बाजारात त्या सकाळी वांग्यांना गिऱ्हाईक नव्हतं. सगळं गाव चौकातल्या मांडवात विद्युतानंद महाराजांपुढे चपला काढून बसलं होतं. महाराजांसमोर भगव्या कापडात गुंडाळलेली एक पेटी. तिच्यावर धातूचे दोन जाड खुंट, आणि त्यांना जोडलेला बल्ब भर उजेडातही डोळे दिपवत होता.

"साठ वॅट की बिजली है!" महाराज गरजले. "साक्षात देवी बैठी है इसमें!"

चेल्याने दोन्ही खुंटांना हात लावला आणि किंचाळत मागच्या कांद्यांच्या ढिगावर जाऊन पडला. मग महाराजांनी तळहातांना भस्म चोळलं, खुंट मुठीत धरले आणि खुशाल हसत बसले. जयजयकार झाला. पायलीभर तांदूळ द्यायचे आणि काळा धागा मनगटाला बांधून घ्यायचा. मग म्हणे वीज तुम्हाला ओळखते, सोयऱ्यासारखी वागते.

मी योगराज. चौकातच माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. कापडाबाहेर डोकावणाऱ्या तुटक्या कोपऱ्यावरून ती पेटी मी लगेच ओळखली. ट्रॅक्टरची बॅटरी! आदल्या दिवशी हाच चेला ती माझ्याकडे चार्जिंगला घेऊन आला होता. म्हणजे देवीला जेवू घालणारा मीच की!

मला हसू येत होतं, पण रांगेतून भैयालाल मनगट मिरवत बाहेर आला आणि हसू विरलं. त्याच्या बोरवरच्या स्टार्टरची पेटी झटका मारते. दोनदा त्याला तिने धानाच्या बांधीत पाडलं आहे. अर्थिंग करून घे, गळणारी वीज जमिनीत जाऊ दे, म्हणून मी महिनाभर त्याच्या मागे लागलो होतो.

"आता अर्थिंग कायले पायजे गा?" तो म्हणाला. "बारा वाजता लाइन येते. आजच धरून पाहतो."

"अजी, असं नका करू," त्याची बायको लीलाबाई रडवेली झाली होती.

"भैया, ती ट्रॅक्टरची बॅटरी आहे!" मी ओरडलो.

"असन! साठ वॅट त साठच ना? माह्या घरचा बल्ब बी साठचाच होता. त्याच्या होल्डरनं मले कसा झटका देल्ला होता, तुले माहीत हाय. महाराजाले काऊन नाही लागला?"

हात चालतात आपले, तोंड नाही चालत. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन चेतना मॅडम आल्या. शाळेत विज्ञान शिकवतात, आणि आवाज असा की मागच्या बाकालाही झोप लागू नये.

"योगराजभाऊ, मीटर आणा. आणि स्टीलचे दोन पेले."

मीटर लावला. दाब बारा व्होल्ट, बल्बमधून प्रवाह पाच अँपिअर. मॅडमनी वांगीवाल्याच्या भावाच्या पाटीवर खडूने लिहिलं: बारा गुणिले पाच, साठ वॅट.

"घरी दाब दोनशे तीस. तिथे पाव अँपिअरच्या जरा वर प्रवाह गेला की साठ वॅट होतात. वॅट सारखे, पण दाब एकोणीस पट! वॅट म्हणजे बल्ब दर सेकंदाला किती ऊर्जा वापरतो ते. तुमच्या अंगात किती प्रवाह घुसेल, ते दाब आणि तुमचा रोध ठरवतात. दाबाला प्रवाहाने भागलं की रोध. बल्बचा रोध बारा भागिले पाच, दोन पूर्णांक चार ओहम. आता महाराजांचा मोजू."

"देह को मीटर नहीं नापता, बेटी!"

"नापते, नापते!" मागून पोरं ओरडली. सगळ्यांनी गळ घातल्यावर महाराजांनी नाइलाजाने दोन हातांत मीटरच्या तारा जोडलेले दोन पेले धरले. मीटरवर आकडा आला एक लाख वीस हजार.

"कोरडी कातडी, वर राख," मॅडम म्हणाल्या. "बारा भागिले एक लाख वीस हजार, म्हणजे एका अँपिअरचा दहा हजारावा भाग. एवढा प्रवाह कळतसुद्धा नाही."

"मंग मीच धरतो," म्हणत लीलाबाई पुढे झाली. तिने खुंट धरले. काही नाही! मग तिने पेले धरले. दोन लाख चाळीस हजार!

"महाराजाच्या दुप्पट!" कुणीतरी हाळी दिली. "बोला लीलाबाई की जय!" मग काय, खुंट धरायला रांगच लागली. कांद्यातून उठलेला चेलाही हसत होता.

भैयालालने छाती फुगवून पेले मागितले. "आधी हात बादलीत बुडवा," मॅडम म्हणाल्या. "धानाच्या रोवण्यात असतात तसे ओले करा. धागा राहू द्या."

आकडा घसरत घसरत चार हजारांवर आला.

"स्टार्टरवर दोनशे तीस धरा. भागिले चार हजार. महाराजांच्या हातातल्यापेक्षा पावणेसहाशे पट प्रवाह, भैयालालजी. एवढ्यात हृदय बंद पडू शकतं. आणि चिखलात अनवाणी उभे असाल तर रोध आणखी कमी."

भैयालालने पेले खाली ठेवले. लीलाबाईने विळ्याने त्याचा धागा कापला आणि महाराजांपुढे टाकला. "घ्या तुमचा सोयरा. आमचे तांदूर वापस करा."

महाराजांना दुसऱ्या गावचा मुहूर्त आठवला. बॅटरी उचलून गुरुशिष्य निघाले. मी म्हटलं, "महाराज, चार्जिंगला पुन्हा या!"

दुपारी भैयालालच्या बोरवर लाइन बंद करून आम्ही खड्डा खणला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं रीतसर केलं आणि स्टार्टरची गळकी वायर बदलली. लाइन सुरू केली. "झालं," मी म्हटलं, "आता लाव हात बिनधास्त." भैयालालने हात पुढे केला, तर लीलाबाईने तो मागे ओढला.

"पयले मीटर लावा, योगराजभाऊ. तुमच्या बी नुसत्या बोलन्यावर इस्वास नाही."

क्षणभर मला राग आला, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांचा कारागीर मी! पण मग इतका आनंद झाला की काय सांगू. मीटर लावला. शून्य. तेव्हाच तिने नवऱ्याचा हात सोडला.

वाचकहो, धागा बांधणारा असो की वायर जोडणारा, त्याला एवढंच विचारा: मीटर कुठे आहे?