मनोऱ्याखालचा पिवळा

ॲल्विन लाइटबर्न नांगर दोन्ही हातांत धरून होडीच्या टोकाशी उभा होता आणि किनाऱ्याकडे बघत होता. मागे इंजिनापाशी बसलेला डेलमाँट त्याच्या पाठीकडे बघत होता.

"सोड की आता."

"अजून थोडं पुढे घे."

"अरे, यंत्र दाखवतंय. बरोब्बर जागेवर आहोत आपण. उपग्रह सांगतोय, वरून."

"त्याला वरून सांगू दे. मला समोरून बघू दे."

समोर मैलभरावर किनारा होता. टेकडीवरच्या चर्चचा मनोरा हळूहळू डावीकडे सरकत होता, आणि त्याच्या खाली झाडीत एक पिवळं घर होतं. मनोरा त्या पिवळ्या भिंतीच्या मधोमध आला, आणि पश्चिमेचं दीपगृह कड्याच्या खांद्याला टेकलं, की होडीखाली प्रवाळाच्या खडकाची ती कड यायची, जिथे मासे प्रवाहाकडे तोंड करून उभे असायचे. ॲल्विनला ही खूण वडिलांनी दिली होती. बर्म्युडात माणूस मेहुण्याला घर देईल, पण खूण देणार नाही. डेलमाँट त्याचा मेहुणाच होता. इतक्या वर्षांत त्याला ती कळली नसेल असं नव्हतं, पण तोंडाने ती कोणीच उच्चारली नव्हती.

मनोरा भिंतीवर आला. ॲल्विनने नांगर सोडला नाही.

"काय झालं?"

"शिड्या," ॲल्विन म्हणाला. "मिसेस डिलच्या घराला शिड्या लावल्यात."

"रंग काढतायत. मुलगी आलीय ना हॅलिफॅक्सहून. हिरवा देणार म्हणे. तुझ्या बहिणीला सांगत होती चर्चमध्ये." डेलमाँटने डोळ्यांवर हात धरला. "झाडीत हिरवं घर. पोस्टमनलासुद्धा सापडायचं नाही."

होडी तोवर वाहत पुढे गेली होती. ॲल्विनने घाईने नांगर टाकला आणि तो वाळूत पडला. वाळूत मासे नसतात. डेलमाँटने ते पाहिलं आणि इंजिन पुन्हा चालू केलं.

पुन्हा नांगर ओढून, पुन्हा टाकून त्यांनी चारा सोडला. कुटलेल्या बारीक मासळीचा एक धुरकट पट्टा प्रवाहाबरोबर मागे गेला आणि त्यात खालून पिवळ्या शेपट्या चमकायला लागल्या. ॲल्विनची दोरी शिवणकामाच्या दोऱ्याहून फार जाड नव्हती. त्याच्याकडचा काडीसारखा रॉड पाहून बंदरावरचे लोक विचारायचे, हा मासे पकडायला की केक भाजला का ते टोचून बघायला? जाड दोरीने मासा ओढता येतो. पातळ दोरीने ओढायला गेलं की दोरी तुटते. तो पळेल तेव्हा पळू द्यायचं, थांबेल तेव्हा थोडं आपल्याकडे घ्यायचं. ॲल्विनला दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने मासा धरणं उद्धटपणाचं वाटायचं.

"सोड, सोड, अजून सोड," डेलमाँट म्हणाला. "जन्मभर दोरी सोडतच आलास तू."

ॲल्विनची सगळी नोकरी सरकारी फेरीबोटीच्या इंजिनघरात गेली होती. तिथे खिडकी नव्हती. कदाचित म्हणूनच सुटीच्या दिवशी त्याला इतकं लांबवर बघायला आवडत असावं. त्या घराला याआधीही रंग लागला होता, मिस्टर डिल असताना आणि ते गेल्यावरही, आणि दर वेळी पिवळाच लागला होता. त्याचं ॲल्विनला कधी नवल वाटलं नव्हतं. उद्या जागेवर असशील ना, असं मनोऱ्याला कोणी विचारतं का?

दुपारी परतल्यावर त्याने चार मासे साफ केले, कागदात गुंडाळले आणि सायकलला अडकवले. मिसेस डिलच्या फाटकाच्या खिळ्यावर पुडकं टांगून निघून जायचं, हा त्याचा शनिवारचा शिरस्ता होता. मिस्टर डिल वारले त्या वर्षापासूनचा. आज तो फाटक ढकलून आत गेला. दार वाजवण्याआधी त्याने हात पँटला पुसले, वास घेतला आणि पुन्हा पुसले.

दार उघडून एनिड डिल त्याच्याकडे बघत राहिल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, एका हाताला पीठ.

"अगंबाई! फाटकावरचे मासे आज पायांनी चालत आले."

"नमस्कार, मिसेस डिल. मी म्हटलं, शिड्या आहेत. रंगाऱ्याने चुकून... पुडक्यावर रंग सांडेल."

"या आत. शिडीखाली उभे राहू नका, तुमच्यावर सांडेल."

स्वयंपाकघर लहान होतं. त्यांनी त्याला आल्याचं सरबत दिलं आणि समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. खिडकीपाशी एक दुसरी खुर्ची होती, तिची उशी बसून बसून चपटी झालेली. खिडकीतून झाडांच्या फटीतून समुद्र दिसत होता, आणि दूर खडकावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ.

टेबलावर रंगांचे नमुने पसरले होते.

"मुलगी म्हणते हिरवा," एनिड म्हणाल्या. "शांत दिसतो, झाडीत मिसळून जातो. तिकडे थंडीत राहून तिला सगळं हिरवं हवंसं झालंय. उद्या परत जाईल, जाण्याआधी ठरवून टाक म्हणते. तुम्हाला काय वाटतं?"

ॲल्विनने सरबताचा पेला टेबलावर ठेवला, तो पाण्याच्या आधीच्या वर्तुळावर नीट बसेपर्यंत फिरवला. येताना सायकलवर त्याने वाक्य तयार केलं होतं. वाक्य चांगलं होतं. चढावर तर त्याने ते एकदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं.

"हिरवा," तो म्हणाला. "हिरवा चांगला आहे."

"चांगला?"

"डोळ्यांना."

एनिडनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नमुन्यांऐवजी त्याच्याकडे पाहिलं. "आणि पिवळा?"

"पिवळा लांबून दिसतो."

"कुठून?"

खूण सांगायची नसते. वडिलांनी सांगताना त्याला बायबलवर हात ठेवायला लावला होता. आणि खूण सांगता आली असती, तरी त्याच्या पुढचं जे होतं ते कसं सांगायचं, हे काही वडिलांनी शिकवलं नव्हतं.

"रस्त्यावरून," तो म्हणाला.

"रस्त्यावरून तर नुसती झाडं दिसतात, मिस्टर लाइटबर्न."

"हो. तेही आहे."

त्याचे कान तापले. त्याने सरबत एका घोटात संपवलं आणि ते नाकात गेलं. एनिड उठल्या, त्याच्या हाती रुमाल दिला आणि पाठमोऱ्या होऊन केळ्याच्या केकचा एक मोठा तुकडा कागदात बांधू लागल्या. बांधायला त्यांना बराच वेळ लागला.

"येत्या शनिवारी जाणार?"

"वारा नसला तर."

"वारा नसेल," त्या म्हणाल्या.

गुरुवारी तो मुद्दाम त्या रस्त्याने सायकल घेऊन गेला. झाडांमधून घराची रस्त्याकडची बाजू दिसली. हिरवी. नीट, सारखी, दोन हात दिलेली हिरवी. दाराची चौकटसुद्धा हिरवी. तो थांबला नाही. चढ संपल्यावर मात्र उतरून सायकल हाताने ढकलत घरी गेला, तिथून पुढे उतार असूनही.

शनिवारी वारा नव्हता.

"तूच चालव," तो डेलमाँटला म्हणाला. "आणि तुझं यंत्र लाव. जागेवर आलो की सांग."

"तब्येत बरी आहे ना?"

"सवय करायला नको? आता सगळे हेच वापरतात."

"गेल्या आठवड्यापर्यंत तुला हा सैतानाचा आरसा वाटत होता."

ॲल्विन टोकाशी बसला, समुद्राकडे तोंड करून, किनाऱ्याकडे पाठ. यंत्र वाजलं. डेलमाँटने "टाक" म्हटलं आणि त्याने टाकला. नांगर अगदी जिथे हवा तिथे बसला, पहिल्याच वेळी. त्यात काही खोट काढता येत नव्हती. त्याने चारा सोडला, आमिष लावलं, पाण्यात सोडून दिलं आणि क्षितिजाकडे बघत बसला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

मग रीळ किंचाळलं.

"हा पिवळशेपट्या नाही!" डेलमाँट उठून उभा राहिला. "ॲल्विन, हा कोणीतरी बाप आहे!"

दोरी पाणी कापत खोल गेली, मग वर आली, मग होडीच्या शेपटीला वळसा घालून निघाली. रॉडची कमान झाली होती. ॲल्विन रॉड उंच धरून, पाय जपून टाकत, डेलमाँटच्या पाठीमागून फिरला. डेलमाँटने दोन्ही हात वर केले होते, चुकूनही रॉडला स्पर्श होऊ नये म्हणून. दुसऱ्याचा हात लागला की तो मासा आपला राहत नाही, असा त्यांच्या खेळाचा नियम.

"सोड त्याला, सोड! खडकाकडे जाऊ देऊ नको! किनाऱ्याकडे वळव!"

मासा आपणहून किनाऱ्याकडे वळला. त्याच्या मागोमाग ॲल्विनलाही वळावं लागलं.

टेकडीवर मनोरा होता. मनोऱ्याखाली झाडी, आणि झाडीत भिंत. रस्त्याकडची बाजू तिरकी दिसत होती, हिरवी, झाडांत विरघळून गेलेली. पण समुद्राकडची भिंत पिवळी होती. जुनी उडालेली पिवळी नव्हे. ताजी, अंड्याच्या बलकासारखी, सकाळच्या उन्हात डोळ्यांत शिरणारी. मनोरा तिच्या अगदी मधोमध उभा होता. आणि भिंतीच्या बरोबर मध्ये एक लहानसा काळा चौकोन होता. खिडकी. तिच्यापलीकडे कोणती खुर्ची असते ते ॲल्विनला आता ठाऊक होतं.

दोरी सैल झाली. मग ताठ झाली, खडकावर घासल्याचा एक बारीक आवाज आला, आणि रॉड सरळ झाला.

"गेला!" डेलमाँट ओरडला. "गेला रे देवा! असा मासा! अरे दोरी सैल सोडलीस कशी? कुठे बघत होतास?"

रॉडच्या टोकाला लोंबणारा दोऱ्याचा तुकडा वाऱ्याशिवायच हलत होता.

डेलमाँटने त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. मग डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं.

"हे काय? बाकी घर हिरवं आणि एकच भिंत पिवळी? रंग कमी पडला वाटतं बाईंना."

"पडला असेल," ॲल्विन म्हणाला.

त्याने रॉड बाजूला ठेवला. डोक्यावरची टोपी काढली आणि ती छातीशी धरून तो तसाच उभा राहिला, होडी डुलत होती तिच्याबरोबर डुलत.

"टोपी घाल," डेलमाँट म्हणाला. "ऊन बघ किती आहे."

ॲल्विनने टोपी घातली नाही.