न मोजलेल्या नऊ दिवसांचं शून्य

मी एक शून्य बोलतोय. मान खाली घालूनच बोलतोय. पाटीवरचा नव्हे, निर्मळ गावच्या विहिरींचा खारेपणा नोंदणाऱ्या प्रोग्रॅममधला.

तो प्रोग्रॅम मेलिसाने लिहिला. गावातल्या बारा विहिरींत मीटर होते. रोज सकाळी प्रत्येकाचा आकडा येई आणि ओळीने मांडलेल्या खणांत बसे. खणांचा नियम एकच, आत आकडाच हवा. मग एखादा मीटर गप्प राहिला तर? मेलिसाने घाईघाईत लिहून टाकलं, आकडा नाही आला तर शून्य ठेव. झाला माझा जन्म.

तिच्यासोबत काम करणारा श्रीरंग तेव्हाच म्हणाला होता, "अगं, शून्य म्हणजे एकदम गोडं पाणी. कोणी खरं मानलं तर?"

"मग काय ठेवू? उणे नऊशे नव्व्याण्णव असा अशक्य आकडा? ते पण बेरजेत घुसणारच. आणि 'ठाऊक नाही' अशी खूण ठेवली, तर अख्खी सरासरीच 'ठाऊक नाही' येते. लोकांना उत्तर हवं असतं रे."

मला केवढा अभिमान वाटला! कुठलंही भोक बुजवणारा मी.

एप्रिलमध्ये मेलिसाच्या मावशीच्या, आग्नेसच्या, विहिरीवरची वायर उंदरांनी कुरतडली. नऊ दिवस आकडा आला नाही. नऊही खणांत मी जाऊन बसलो. दहा दिवसांच्या सरासरीत खरा आकडा एकच होता, चांगला खारट. माझ्या गर्दीत तो बुडाला. मावशीच्या मोबाइलवर हिरवा ठिपका उमटला, पाणी गोडं.

मावशीने ओंजळभर पाणी चाखलं आणि मेलिसाला फोन लावला. "पानी मचूळ लागतंय गो."

"मावशी, ठिपका हिरवा आहे ना? मग घाल बिनधास्त."

माणसं स्वतःच्या जिभेपेक्षा आकड्याला मानतात. मावशीने सोनचाफ्याच्या चाळीस कलमांना तेच पाणी घातलं. पंधरवड्यात पानांच्या कडा करपल्या. एकतीस कलमं गेली.

मेलिसा धावत आली. वाडीतच बसून तिने लॅपटॉप उघडला आणि मला पाहिलं, एकाखाली एक, नऊ वेळा. तिचा चेहरा उतरला. मला लपायला जागा नव्हती.

"मावशी, ते नऊ दिवस आम्हाला काहीच कळलं नव्हतं. तरी मी गोडं म्हणून सांगितलं. चूक माझी आहे."

मावशीने एक करपलेलं पान बोटांत चुरलं. मग म्हणाली, "ठावं नाय, असं सांगायचं होतंस. मी थांबले असते."

त्याच आठवड्यात मेलिसाने प्रत्येक खणाशेजारी दुसरा खण जोडला. मोजलं की नाही, एवढंच त्यात लिहायचं. न मोजलेला दिवस आता बेरजेत येत नाही. मोजलेले दिवस कमी पडले, तर ठिपका राखाडी होतो.

"राखाडी बघून लोक वैतागतील," श्रीरंग म्हणाला.

"वैतागू दे."

बाबांनो, जे मोजलंच नाही तिथे मला बसवू नका. मी रिकाम्या जागेसारखा दिसतो, पण रिकामा नाही. मी एक ठाम उत्तर आहे.

मावशीने मीटर काही परत जोडू दिला नाही, आता ती आपल्या जिभेलाच मानते. म्हणून प्रोग्रॅममध्ये तिच्या विहिरीच्या नावापुढे हल्ली लिहून येतं, 'मोजलेले दिवस: शून्य'. तिथे मी आहे, आणि तेवढं तरी खरं आहे.