नळाचा आवाज राहू द्या

"पुन्हा लाव," कानबाई म्हणाल्या.

"परत? अहो बाई, मशीनलासुद्धा पाठ झालं असेल आता," असं म्हणत बटण्याने कळ दाबली.

बटण्या हा कंपनीचा ध्वनिमुद्रक. निम्मं आयुष्य बटणांशी खेळण्यात गेलं, म्हणून ते नाव. कानबाईंचं बारसं त्यानेच केलेलं. स्वस्तातल्या तबकड्या काढणाऱ्या त्या लहानशा कंपनीत बाजारात जाण्याआधी प्रत्येक तबकडी कानबाई ऐकायच्या. कुठे खुर्ची करकरली, कुठे पान उलटल्याचा आवाज आला, कुठे तार उतरली, हे त्या सांगत आणि बटण्या ते निस्तरत असे. दिवसाचं पहिलं ऐकणं पुरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. देवाचं नाव घ्यायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. आवडतं-नावडतं बाहेर ठेवून यायचं, चपलांसारखं.

आज ते बाहेर राहायला तयार नव्हतं.

समोर होता एक जुना ऑरॅटोरिओ, युरोपातल्या बरोक काळातला, तीनेकशे वर्षांपूर्वीचा. देवाधर्माची मोठी कथा, पण पोशाख नाहीत, पडदे नाहीत. सगळे जागच्या जागी उभे राहून नुसतं गातात. मोठ्या कंपन्या अशा कामाला नावाजलेले गायक आणतात, एकेक ओळ मनासारखी होईपर्यंत गाऊन घेतात. इथे भाड्याचा थंडगार हॉल, हौशी गायकमंडळ, आणि जे गाऊन झालं ते झालं. त्यात म्हाताऱ्या राजाचं एक गाणं होतं. राजा देवाकडे अजून एक सकाळ मागतो. ते गाणं मास्तरांनी म्हटलं होतं, आणि मास्तर म्हणजे कानबाईंचे यजमान.

गेल्या वर्षी मास्तरांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. बोलता येईल, गाण्याचं सांगवत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानंतरचं हे पहिलंच गाणं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कानबाई हॉलमध्ये गेल्या नव्हत्या. कधीच जात नसत. समोर गाणारा दिसला की माणूस क्षमा करून मोकळा होतो, असं त्यांचं मत.

सकाळी निघताना मास्तर बुटांची नाडी बांधत खाली बघूनच म्हणाले होते, "आज ऐकशील ना? मग काय ते सांग. आवाज गेला असेल तर गेला म्हण. सगळे वयाकडे बघून टाळ्या वाजवतात. मला दयेची जागा नको. घरी बसेन."

तबकडी फिरत होती. समूहगान दणदणीत होतं. मग नुसत्या मोठ्या तंतुवाद्याच्या साथीने राजा सुरू झाला. सूर चुकत नव्हता. पण आवाज कपाटात कोंडल्यासारखा, कोरडा. ओळीचं शेवटचं अक्षर उमटण्याआधीच मरत होतं.

दार ढकलून मालक आत आले. "काय निकाल? तबकड्यांचा छपाईवाला खोळंबलाय. राजाचं गाणं गाळून टाकू का? या किमतीच्या तबकडीत एक गाणं कमी असलं तर कोण रडतंय!"

कानबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मालक जरा वरमले. "तसं नाही हो. घरचं माणूस आहे, तुम्हाला अवघड होत असेल. दुसऱ्या कुणाला ऐकवू?"

"नको," कानबाई म्हणाल्या. "घरचं आहे म्हणूनच मला ऐकू द्या. थोडा वेळ द्या."

मालक गेले. कानबाईंनी डोळे मिटले. देवा, खरं सांगायची ताकद दे, आणि सांगितल्यावर त्या माणसाशेजारी बसायचीही. गाणं पुन्हा चालू झालं. लांबलचक ओळ संपली आणि लागलीच दुसरी लांबलचक ओळ उभी राहिली. त्यांनी झटकन डोळे उघडले.

"अरे, हा श्वास कुठे घेतो?"

"कोण?"

"राजा! माणूस आहे की भाता? एवढ्या दोन ओळी एका दमात कुणाच्या बापाला जमणार नाहीत. श्वास गेला कुठे?"

बटण्याने मान खाजवली. "काढला. तुम्हीच म्हणाला होतात की, भिंतीतला गरम पाण्याचा नळ घरघरतोय, काढ. घरघर काढली. मग शांततेत श्वास फारच ऐकू यायला लागले. तुम्हाला श्वास ऐकू आलेले आवडत नाहीत, म्हणून तेही काढले. म्हटलं, मास्तरांचं गाणं आहे, जरा जास्तच घासूनपुसून द्यावं."

वर्षानुवर्षं कानबाईंनीच त्याला हे शिकवलं होतं. इतर गाण्यांत वाद्यांच्या गर्दीत ते खपूनही जाई. इथे एकटा हळू आवाज होता. घरघर खरवडताना त्याच्यावरची सायही खरवडली गेली होती.

"मूळचं आहे?"

"नसायला काय झालं!"

मूळचं लावल्याबरोबर आधी नळच आला, तोंड भरून बोलणाऱ्या पाहुण्यासारखा. मग एक श्वास. चांगला खोल, थोडा घाबरलेला. आणि त्यावर मास्तरांचा आवाज चढला. पूर्वीचा नव्हता तो. खालच्या अंगाला गेला होता, कडेला किंचित खरखर होती, वरच्या जागी जपून पाय टाकत होता. पण भरलेला होता. शेवटचं अक्षर हॉलच्या टोकापर्यंत जाऊन सावकाश निवत होतं.

"बाई, हसताय की रडताय ते तरी सांगा," बटण्या म्हणाला.

"गप. ऐक."

मालकांनी परत येऊन ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. "नळ वाजतोय की!"

"वाजू द्या. नळाचा आवाज राहू द्या आणि श्वासही. स्वस्तातली तबकडी घेणाऱ्याच्या घरातही नळ वाजतातच, तो दचकणार नाही. आणि हे बायको म्हणून बोलत नाही. दुसऱ्या भागात एका वाद्याची तार उतरली आहे, तिथे मात्र काहीतरी करायला हवं. मध्यंतरानंतर समूहगानात बायकांची ओळ लयीच्या पुढे पळते. बाकी तबकडी चांगली आहे. साधी आहे, पण खरी आहे."

"तुमचा शब्द," मालक म्हणाले आणि छपाईवाल्याला फोन लावायला गेले.

कानबाई घरी पोचल्या तेव्हा मास्तर टेबलापाशी शेंगा सोलत बसले होते. नणंद स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिथूनच ओरडली, "वहिनी, लवकर बोल गं! दादाने दुपारपासून दाणे सालांच्या टोपलीत आणि सालं पातेल्यात टाकलीत!"

मास्तरांनी वर पाहिलं नाही. कानबाई समोर बसल्या.

"तिसऱ्या ओळीआधी घाई करता तुम्ही," त्या म्हणाल्या. "श्वास अर्धाच घेता. मग शेवटी ओढाताण होते. आणि वरच्या जागेला इतकं भ्यायचं काही कारण नाही."

मास्तरांचे हात थांबले. ज्याचं गाणं संपलं असेल त्याचं बायको गोड शब्दांत कौतुक करते, चुका काढत बसत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

"अजून काय?" त्यांनी विचारलं.

"अजून पुष्कळ आहे. उद्या सांगेन."

ते उठले, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून ताठ उभे राहिले आणि तिसरी ओळ धरली. आत पातेली खणाणत होती. नणंदेला थांबवायला कानबाई लगबगीने आत गेल्या. दारात क्षणभर उभ्या राहिल्या. मग नणंदेला न थांबवताच खुंटीवरचं फडकं घेऊन निथळणारी ताटं पुसायला लागल्या.