मला फिट येते

शिंपीमास्तर चूक कबूल करणाऱ्यांतले नव्हते. बाही तोकडी झाली, तर शिवायला टाकल्यापासून तुमचा हातच लांबला, असं ते गिऱ्हाइकाला पटवून देत, आणि गिऱ्हाईक बिचारं हात चाचपत घरी जाई. अशा माणसासमोर ती पोरगी पहिल्या दिवशी येऊन उभी राहिली. दुकानाला काजं करायला, बटणं लावायला कुणीतरी हवं होतं. मास्तर तोंडात टाचण्या धरून कोट बेतत होते.

"काका, आधीच सांगून टाकते," ती म्हणाली. "मला फिट येते."

आता हेच वाक्य तिने किराणा दुकानात सांगितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. मास्तरांच्या दुकानात मात्र फिट यायचे ते कपडे. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कोट चढवायच्या लाकडी पुतळ्याला वाळवी लागली होती, आणि समोर बोलता-चालता पुतळा उभा! "नेहमी येते?" त्यांनी टाचण्यांआडून विचारलं.

"छे, महिनोन् महिने येत नाही. आली की एकदम येते."

अंग सुटत-आटत असेल, मास्तरांना वाटलं.

"आली तर घाबरू नका. आवळून धरायचं नाही, मोकळं सोडायचं. गळ्याशी सैल करायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ. मग कुशीवर वळवायचं. आणि तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही!"

मास्तरांनी ओशाळून टाचण्या हातात काढल्या.

"नजर घड्याळावर ठेवायची. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची. हे सगळं आईने माझ्याकडून घोकून घेतलंय."

पोरगी जरा नखरेल दिसते, मास्तर मनात म्हणाले. फिटिंग लांबलं की हिला घरी जायला गाडी हवी! पण बाकीचं लाख बोलली. गळा सैल, अंगात मोकळं, डोक्याखाली म्हणजे खांद्याला मऊ भरण, शिवण कुशीवर वळवलेली. आयुष्य कात्री चालवण्यात गेलं, पण एका दमात इतकं शहाणपण त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं.

"उद्यापासून ये," ते म्हणाले.

ती बघतच राहिली. "चालेल तुम्हाला? आधीच्या सगळ्यांनी ह्याच कारणावरून काढून टाकलं मला."

"गाढव आहेत लेकाचे!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काम गेलं की आईच्या तोंडाकडे बघवत नाही, म्हणाली. मास्तरांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही, पण वाईट वाटलं खरं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानातला प्रत्येक कोट आधी काजवालीच्या अंगावर चढू लागला. ढेरपोट्यांचे कोट, पहिलवानांचे कोट. ती हूं की चूं न करता दिवसभर कोटात बसून काजं करायची. आणि मास्तर दर फिटिंगला मंत्र म्हणायचे, "आवळू नका, मोकळं सोडा, गळा सैल, डोक्याखाली मऊ, कुशीवर वळवा, तोंडात काही नको, घड्याळाकडे बघा!" गिऱ्हाइकं चक्रावायची, पण कोट झकास बसायचे.

मग शेजारचा कुलूपवाला कोटाच्या फिटिंगला आला. माणूस कपाटाएवढा. त्याचा कोट घालून काजवाली मधोमध उभी राहिली आणि ताठ होऊन धाडकन आडवी झाली. हातपाय झाडू लागली.

"फिट आली! मास्तर, फिट आली!" कुलूपवाला ओरडला.

"कुठे फिट आली?" मास्तर खेकसले. "आणखी दोन माणसं मावतील आत!"

आणि मग त्यांचं लक्ष खाली गेलं. लख्ख उजेड पडला डोक्यात. असे घाबरले, असे घाबरले, की काय करावं ते सुचेना. पण जीभ इतक्या दिवसांच्या सवयीची. ती आपली सुरू झाली, "आवळू नका, मोकळं सोडा..."

कुलूपवाल्याने तिचे दंड दाबून धरले होते. मास्तरांनी फटकन त्याचे हात बाजूला केले. त्याने किल्ल्यांचा जुडगा काढला. "हिच्या हातात लोखंड द्या! दातखीळ बसलीय, ही चपटी किल्ली घालून उघडतो!"

"ते काय कुलूप आहे? तोंडात काही नको! घड्याळाकडे बघा!"

मास्तरांनी कात्री आणि तापलेली इस्त्री लांब सारली, गळ्याचं बटण सोडलं, खांद्याला भरायच्या कापसाची गादी डोक्याखाली सरकवली. झटके ओसरताच तिला कुशीवर वळवलं.

"तीन मिनिटं," कुलूपवाला हळूच म्हणाला. "पाणी पाजू?"

"ठसका लागेल. आधी नीट शुद्धीवर येऊ दे." ते जवळच बसून राहिले. तिने डोळे उघडले तेव्हा म्हणाले, "दुकानातच आहेस पोरी. मी आहे इथे."

"हे लागतं का हो दुसऱ्याला?" कुलूपवाल्याने विचारलं.

"नाही हो," ती बऱ्याच वेळाने, थकून म्हणाली. "मेंदूतली वीज जराशी भरकटते, इतकंच. गोळ्या चालू आहेत. आणि काकांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"कसलं माहीत! 'कुठे फिट आली' म्हणून विचारत होते मला!"

काजवालीने मास्तरांकडे पाहिलं. "मग ते कोट का घालायचात मला?"

"तूच म्हणालीस ना, फिट येते..."

"मला वाटलं, पडले तर लागू नये म्हणून."

ती हळूहळू कोट काढू लागली. "काका, खरं सांगा. त्या दिवशी कळलं असतं, तर ठेवलं असतंत मला?"

हात लांबल्याचं गिऱ्हाइकाला पटवणारा माणूस. एक थाप सहज मारली असती.

"नसतं ठेवलं," मास्तर म्हणाले. "मीही त्यांच्यातलाच गाढव."

तिने मान हलवली, कोटाची घडी घातली आणि आपली पिशवी उचलली.

"पिशवी कशाला उचललीस? ठेव ती खाली," मास्तर खेकसले. "आज घरी जाऊन झोप, कुलूपवाले पोचवतील. पण आधी सरळ उभी राहा." त्यांनी गळ्यातली टेप काढली. "दुसऱ्यांचे कोट ढगळ होतात तुला. तुझ्या मापाचा एक बेततो. खांद्याला, कोपराला जरा जास्तच कापूस भरू."

"आणि पुन्हा फिट आली तर?"

"येऊ दे. माझं पाठ आहे."