लानचं कापड

"पोस्टानं पाठवू नका. हातात द्या, आणि नीट जेवते का ते बघून या."

लानची आई हे तिच्या कातू भाषेत बोलली. गाईडबाईंनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं, पण 'जेवते का' म्हणताना लानच्या आईनं पाची बोटं ओठांशी नेली होती, त्यावरून मला आधीच कळलं होतं.

गेल्या मार्चमध्ये आमचा मिहीर आम्हा दोघांना व्हिएतनामला घेऊन गेला. डोंगरातलं कातू लोकांचं गाव त्यानं हौसेनं शोधलं होतं. मधोमध सगळ्या गावाचं मिळून एक उंच छपराचं घर, त्याला गूल म्हणतात, आणि भोवती बाकीची घरं. आम्ही उतरलो लानच्या आईकडे. माझ्याच वयाची असेल. आणि नेमका सोमवार. तिनं बांबूच्या नळीत शिजवलेला भात, कोंबडी, तांदळाची दारू असा सगळा थाट मांडला, आणि मी म्हणते, माझा उपास आहे. ह्यांनी आणि मिहीरनं माझ्या वाटचंही संपवलं, पण तिची नजर माझ्या रिकाम्या पानावरून हलेना. थोड्या वेळानं तिनं उकडलेले पांढरे कंद आणून पुढे ठेवले. उपासाला चालतात की नाही, मला कळेना.

मिहीर म्हणाला, "आई, हा कसावा. तुझा साबुदाणा ह्याचाच तर होतो."

मी दोन कंद खाल्ले. तेव्हा कुठे ती स्वतः जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर वाती वळत बसले. रोज एकशे आठ, प्रवासातही चुकवत नाही. ती शेजारी येऊन पाय पसरून बसली. मागाचं एक टोक कमरेला बांधलेलं, दुसरं तळपायांनी ताणलेलं, आणि काळ्या-तांबड्या धाग्यांत पांढरे मणी ओवत तिचं विणणं चाललेलं. दोन तास कुणी बोललं नाही आणि काही अडलंही नाही. निघताना तिनं विणून ठेवलेलं एक कापड माझ्या हातात दिलं. तिची मुलगी लान आमच्याच इंग्लंडात, मँचेस्टरला शिकते. मेसेज येतात, पण वर्षभर तिनं तोंड दाखवलेलं नाही. मी त्या माउलीचा हात धरून कबूल केलं.

कॉव्हेंट्रीला परतल्यावर लानला फोन केला. पोस्टानं पाठवा, म्हणाली. पुन्हा केला, तेच उत्तर. हे म्हणाले, पाठव की, उगाच कुणाच्या मागे का लागतेस. एकदा पार्सल घेऊन मी पोस्टाच्या रांगेत उभीसुद्धा राहिले. नंबर आला आणि बाहेर पडले. कापड पोचलं असतं हो. पण जेवते का, ते कोण बघणार?

तिसऱ्या फोनला लान खरं बोलली. कोर्स पहिल्याच वर्षी सुटला होता. आता नखं रंगवायच्या दुकानात काम करत होती. आईला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

"तुम्ही आलात की तिला सांगाल," ती म्हणाली.

"मी खोटं बोलत नाही, बाळ."

"मग येऊ नका."

आता ही फोन ठेवणार, असं वाटलं. मी घाईनं म्हटलं, "तुझ्या आईनं मला दोनच कामं सांगितलीत. कापड हातात द्यायचं आणि जेवतेस का बघायचं. नोकरीचं काही विचारलेलं नाही, आणि न विचारता बोलायची मला सवय नाही."

"आणि विचारलंच तर?"

"तर म्हणेन, ते लानला विचारा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. गुरुवारी दोन वाजता सुटते, म्हणाली. दुकानाचा पत्ता मेसेजवर आला.

बुधवारी रात्री ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "जा. फक्त नखं लाल करून येऊ नकोस, म्हणजे झालं."

गुरुवारी पहाटेच पूजा आटोपली. कापड पिशवीत ठेवलं, त्यावर पोळी-भाजीचा डबा. ह्यांची झोप मोडू नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.